‘आपल्यातले’ नावाचे कार्ड

मी एक जुनी उजेडाची पेटी आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरते. तुमच्यासारखी शाळेची मुले येतात, सर माझा दिवा लावतात, माझ्यावर कार्डे ठेवतात आणि मुले टाळ्या वाजवतात. मित्रांनो, त्या टाळ्या ऐकल्या की मला फार लाज वाटते. ती का वाटते, ते आज सांगते.

माझा जन्म सिद्धाराम सरांच्या डोक्यातून झाला. ते या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांच्या शेजारी कमलम्मा नावाच्या बाई राहत. त्यांचे घराणे विणकरांचे, घरात तेलुगू बोलणारे. चादरीवर जी फुले, मोर उमटतात, त्यांच्यासाठी मागावर पुठ्ठ्याची कार्डे लावतात. त्या कार्डांना भोके पाडायचे काम कमलम्मा करत. एके दिवशी सरांनी पाहिले, की कमलम्मांनी जुने कार्ड आणि त्याची नवी नक्कल एकावर एक धरून खिडकीसमोर उंच केली आहे.

“काय बघताय?” सरांनी विचारले.

“कुटं चुकलं ते बगतेय. जितं उजेड येत न्हाई, तितं भोक चुकलं. एक एक भोक मोजत बसलं तर दिवस जातोय की.”

सर तिथेच उभे राहिले. त्या वेळी ते शहरातल्या काही मंडळींबरोबर रक्तदात्यांचे एक मंडळ चालवत होते. दवाखान्याच्या आवारातच मंडळाला एक खोली मिळाली होती. रक्त द्यायला तयार असलेल्यांची नावे वहीत होती आणि ती हजाराच्या घरात गेली होती. कुणाला रक्त लागले, की वही पहिल्या पानापासून चाळायची. याचा गट जुळतो, पण हा गावाला गेला. हा शहरात आहे, पण त्याने गेल्याच महिन्यात रक्त दिले. असे करता करता तास उलटत आणि आत रोगी तळमळत असे.

सरांनी महिपती सुतारांना बोलावले. महिपतींनी जुन्या कपाटाच्या सागवानी फळ्या तासून माझे अंग बनवले. पोटात ट्यूबलाइट बसवली, वर दुधी काच लावली आणि कोपऱ्यांत पितळेच्या खुंट्या ठोकल्या, म्हणजे कार्डे तसूभरही सरकायला नकोत. काळ्या पुठ्ठ्याची कार्डे सरांनी आखली. प्रत्येक कार्डावर बारीक चौकोन होते आणि प्रत्येक रक्तदात्याचा वहीतल्या नंबराप्रमाणे एक चौकोन ठरलेला होता. एका कार्डाचे नाव ‘बी निगेटिव्ह’. ज्यांचे रक्त त्या गटाचे, त्यांच्या चौकोनात भोक. दुसरे कार्ड ‘शहरात आणि जवळपास राहणारे’. तिसरे ‘आज रक्त देऊ शकणारे’. भोके कमलम्मांनी पाडली. मग मंडळाने त्यांना रोजचे काम दिले आणि त्या माझ्याजवळच बसू लागल्या.

कार्डे माझ्यावर एकावर एक ठेवली, की ज्या चौकोनाला सगळ्याच कार्डांत भोक आहे तेवढ्यातूनच उजेड वर येई. तोच आपल्याला हवा असलेला माणूस. एखाद्याने रक्त दिले, की तिसऱ्या कार्डावरचे त्याचे भोक कमलम्मा तीन महिन्यांसाठी काळा कागद चिकटवून बुजवत. माझ्या बाजूला आणखी एक काच होती आणि मध्ये तिरका आरसा होता. दोन गटांचे रक्त चालणार असेल तर दोन थप्प्या दोन काचांवर ठेवायच्या. दोन्हींचा उजेड एकाच पडद्यावर पडे आणि दोन्हींतले दाते एकदम दिसत.

सर विद्यार्थ्यांना घेऊन येत आणि म्हणत, “‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन शब्दांवर सगळं तर्कशास्त्र उभं आहे. ही पेटी ते तिन्ही शब्द उजेडानं बोलते. वही वाचणारा माणूस एकामागून एक नाव तपासतो. उजेड मात्र हजार नावांना एकाच वेळी विचारतो आणि हजार उत्तरं एकाच वेळी आणतो. परदेशात लेसरच्या किरणांवर असंच गणित करायची खटपट चाललीय. आपली पेटी गरीब आहे, पण घराणं तेच.”

मला तेव्हा केवढा अभिमान वाटे. सांगोल्याकडचा धुळा नावाचा मेंढपाळ ट्रकखाली सापडला होता. त्याला हवे ते रक्त माझ्या काचेवर क्षणात दिसले आणि एका बँकेतला कारकून धावत आला. धुळा वाचला. घरी जाण्याआधी त्याची बायको फुलाबाई आमच्या खोलीत आली आणि तिने माझ्यावर हळदकुंकू वाहिले. ते काचेवर सांडले. कमलम्मा ओल्या फडक्याने पुसत राहिल्या आणि हसत म्हणाल्या, “मावशी, आता सगळ्यांचं रक्त लाल दिसंल की.”

मंडळाचे एक मोठे आधारस्तंभ होते, वळसंगचे आबासाहेब. त्यांची बरीच शेती होती, पण त्याहून मोठा होता त्यांचा शब्द. गावोगाव रक्त द्यायला लोक घाबरत. रक्त काढले की माणूस खंगतो, असा समज होता. आबासाहेबांनी चावडीसमोर स्वतः झोपून आधी आपले रक्त दिले आणि मग गावाला बोलावले. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल.

एका बैठकीत आबासाहेब म्हणाले, “सर, गावात लोक इचारत्यात, आमच्या मानसाला कुनाचं रक्त देनार. एक कार्ड वाडवा. आपल्यातले कोन, तेवडं कळाय पायजे.”

सर म्हणाले, “आबासाहेब, रक्ताला फक्त गट असतो.”

“ते तुमाला ठावं, मला ठावं. त्यांला कुटं ठावं हाय? नुसतं करून ठेवा. कुनी हटून बसलं तरच वापरायचं. न्हाय केलं, तर फुडच्या गावांत मी कुनाला आनू?”

सर दात्यांची वही चाळू लागले. पुढच्या गावांतून किती रक्त मिळेल, याचा विचार त्यांच्या मनात चालला असावा. शेवटी ते म्हणाले, “ठेवू करून. पण वापरायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी कोरे कार्ड आले. त्याच्या कडेला सरांनी आपल्या सुबक अक्षरात ‘आपल्यातले’ असे लिहिले. सर आडनावे वाचत गेले आणि कमलम्मा भोके पाडत गेल्या. ज्यांना गावात वेगळ्या पाणवठ्यावर पाणी भरावे लागे, त्यांची नावे सरांनी वगळली. मुसलमानांची वगळली, घरात तेलुगू बोलणाऱ्यांची वगळली. ‘आपल्यातले’ म्हणजे आबासाहेबांच्या गावकीला चालतील तेवढेच, असा हिशेब होता. काही वेळाने कमलम्मांनी हात थांबवला.

“सर, माझा चौकोन आला. ह्याच्यात भोक पाडायचं का न्हाई?”

सरांनी वर पाहिले नाही. ते म्हणाले, “पुढचं घ्या, कमलम्मा.”

कमलम्मांनी पुढचे भोक पाडले. त्या दिवशी त्या चहा न घेता घरी गेल्या. सर नंतर एकटेच माझ्यासमोर बसून राहिले. त्यांनी ते कार्ड उचलले, पुन्हा खाली ठेवले आणि शेवटी कपाटाच्या तळाशी सरकवले. माझ्या पोटातला दिवा तेव्हा बंद होता. तरी ते कार्ड माझ्यावर टेकले होते, एवढ्यानेही मला अंग चोरावेसे वाटले.

मग १९७४ चा मे महिना आला. सोलापूरचे ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यात देशभर रेल्वेचा संप चालू होता. एरवी एखादा दुर्मिळ गट हवा असला, तर पुण्याहून रक्ताची बाटली गाडीने मागवता येई. त्या दिवसांत गाड्यांचाच भरवसा नव्हता.

एका सकाळी आबासाहेब आमच्या खोलीच्या दारात आले. धोतराला माती, डोक्यावर फेटा नाही. मागे त्यांची पत्नी बजाबाई होत्या. त्यांची लेक सोनाबाई माहेरी बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. जीपमधून तिला दवाखान्यात आणले होते. डॉक्टरांनी गट तपासला होता, बी निगेटिव्ह.

कमलम्मांनी एका शब्दाचाही वेळ घालवला नाही. ट्यूब लागली. गटाचे कार्ड, मग शहराचे, मग आज देऊ शकणाऱ्यांचे. माझ्यावरच्या काळ्या पुठ्ठ्यावर दोन ठिपके उजळले. बजाबाई वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हते, पण ते दोन ठिपके म्हणजे दोन माणसे, हे कमलम्मांनी त्यांना सांगितले. बजाबाईंनी काचेला हात लावून नमस्कार केला.

सर वहीत नावे बघायला वळले, तेवढ्यात आबासाहेब हळूच म्हणाले, “सर, ते कार्ड.”

“कुठलं?”

“तुमाला ठावं हाय. भाईर व्याही बसल्यात. त्यांनी सांगून ठेवलंय, रक्त आपल्यातलंच पायजे. पोरीला त्याच घरात नांदायचं हाय, सर.”

“आबासाहेब, हे ठेवलं तर उजेड कमीच होईल. वाढणार नाही.”

“ठेवा तर खरं.”

सरांनी कपाटाच्या तळातून ते कार्ड काढले. कमलम्मा दोन पावले मागे सरकल्या. सरांनी ते कार्ड खुंट्यांत अडकवले आणि खाली सोडले.

मित्रांनो, माझी काच काळी झाली. माझ्या पोटात ट्यूब जळत होती, भरपूर उजेड होता, आणि वर एक ठिपकासुद्धा नव्हता. ओ निगेटिव्हही चालेल, म्हणून सरांनी दुसऱ्या काचेवर तशीच थप्पी लावून पाहिली. एक ठिपका उमटला. मग ते कार्ड क्षणभर तिथे ठेवले, तो ठिपकाही गेला, म्हणून ती थप्पी काढून कार्ड परत पहिल्या काचेवर आणले.

आबासाहेबांनी जीप वळसंगला पिटाळली. भावकीतले, सोयऱ्यांतले जितके पुरुष मिळाले तितके भरून आणले. एकेकाचे रक्त तपासले गेले. ऊन चढत गेले. एकाचेही जुळेना. डॉक्टर दोनदा दारात येऊन गेले. दुसऱ्यांदा ते सरांवर जवळजवळ ओरडलेच, “तुमच्या पेटीत कुणी आहे की नाही?”

कार्डे माझ्यावर तशीच होती आणि ट्यूब चालूच होती.

बजाबाई सकाळपासून माझ्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि कमलम्मांना म्हणाल्या, “बाई, सकाळी हितं दोन ठिपकं व्हते. त्यो उजेड कुटं गेला?”

कमलम्मांनी वरच्या कार्डाकडे बोट केले.

“ही वरची पाटी ठेवल्यावर गेला न्हवं?”

“व्हय,” कमलम्मा म्हणाल्या.

“बजा,” आबासाहेब म्हणाले, “व्याही—”

“व्याह्याला मी सांगते. माजी पोर मेली तर ती कुनाच्या घरात नांदनार हाय?”

बजाबाईंनी दोन्ही हातांनी ते कार्ड उचलले. खुंटीत अडकून त्याचा एक कोपरा फाटला. दोन्ही ठिपके परत आले. ते दुपारभर तिथेच होते, फक्त झाकलेले.

एक ठिपका रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा निघाला. त्याला संपात धरून नेले होते, तो तुरुंगात होता. ओ निगेटिव्हचा दाता घरी सापडला नाही. उरला दुसरा ठिपका. कुंभारीच्या रंभाबाई, सूतगिरणीत कामाला. कमलम्मा रिक्षा करून गिरणीच्या फाटकावर गेल्या आणि पाळीतूनच त्यांना घेऊन आल्या. रंभाबाईंच्या केसांत अजून कापसाचे तंतू होते. रक्त जुळवून बघायला थोडा वेळ लागणार होता, म्हणून त्या आमच्या खोलीत बाकावर बसल्या.

“बाई कवा आनली?” त्यांनी विचारले.

“सकाळी.”

“मग मला आत्ता का बोलावलं? माजा नंबर सकाळी लागला न्हाय का?”

कमलम्मांनी सरांकडे पाहिले. सर भिंतीकडे बघत होते. ते कार्ड टेबलावरच पडले होते. रंभाबाई रात्रीच्या शाळेत शिकलेल्या होत्या. त्यांनी कडेवरचे नाव वाचले. आपला नंबर त्यांना पाठ होता. बोट फिरवत त्यांनी आपला चौकोन शोधला. तिथे कोरा पुठ्ठा होता.

“हितं भोक पाडायचं राहिलंय की,” त्या म्हणाल्या.

कमलम्मा म्हणाल्या, “राहिलं न्हाई. पाडलंच न्हाई. माझं बी न्हाई.”

आबासाहेब उठले आणि रंभाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

रंभाबाई म्हणाल्या, “बसा. तुमी उबं ऱ्हायला म्हून रक्त लवकर चडत न्हाय.”

मग नर्स बोलवायला आली आणि त्या निघून गेल्या.

सोनाबाई वाचली. पण उशीर झाला होता. कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळून होती. तिच्या अंगावरचे दूध आटले आणि तान्ह्या मुलीला शेळीच्या दुधावर वाढवावे लागले. ते कार्ड बजाबाईंनी पदराखाली घालून वळसंगला नेले आणि पाणी तापवायच्या चुलीत घातले. व्याही बरेच दिवस रुसले, मग आपोआप बोलू लागले.

त्याच दिवशी रक्त देऊन रंभाबाई परत खोलीत आल्या होत्या. त्या कमलम्मांना म्हणाल्या, “माजं भोक बुजवा. तीन म्हयन्यांसाटी न्हवं, कायमचं. सगळ्या कार्डांतलं.”

“रंभाबाई, असं करू नका,” सर म्हणाले. दिवसभरात त्यांनी पहिल्यांदाच रंभाबाईंकडे तोंड केले होते.

“सर, नाव लिवताना तुमीच म्हनला व्हता, हितं फकस्त गट बगत्यात. मी तुमच्यावर इस्वास ठेवला.”

कमलम्मांनी तिथेच बसून एकेका कार्डावर काळा कागद चिकटवला.

पुढच्या रविवारी सर कुंभारीला गेले. तिथे काय झाले, ते त्यांनी सोमवारी कमलम्मांना सांगितले, म्हणून मला कळले. रंभाबाईंनी त्यांना घरात बसवले, चहा दिला आणि कपाकडे बघत राहिल्या. सर चहा प्यायले. मग म्हणाले, “माझं चुकलं. कार्ड आबासाहेबांनी मागितलं, पण अक्षर माझं होतं.” रंभाबाई म्हणाल्या, “कळलं न्हवं? बरं झालं. पर त्यो कागद काडू नका. कुनाला लागलं, तर मानूस धाडा आनि मला नावानं बोलवा. मी यीन. तुमच्या पेटीतून येनार न्हाय.”

आणि त्या तशाच वागल्या. बी निगेटिव्ह लागले, की कमलम्मा गिरणीच्या फाटकावर निरोप ठेवत. रंभाबाई येत, रक्त देत आणि जात. आमच्या खोलीच्या दारावरून जाताना त्या आत बघत नसत. मी उजळून बसलेली असे.

बऱ्याच महिन्यांनी सोनाबाई मुलीला कडेवर घेऊन आली. तिला रक्तदात्यांत नाव घालायचे होते. कमलम्मांनी तिचे भोक पाडले. मग तिने विचारले, “रंभाबाईंचं कुठलं?” कमलम्मांनी बुजवलेला चौकोन दाखवला.

“ह्यो कागद कुनी लावला?”

“त्यांनीच लावाय सांगितलं.”

सोनाबाई त्या कागदावर अंगठा ठेवून उभी राहिली. “मंजी आमीच लावला,” ती म्हणाली. तिथून ती थेट कुंभारीला गेली. पुढे त्या दोघींचे येणे-जाणे सुरू झाले, असे ऐकले. पण कागद निघाला नाही.

आबासाहेबांनी मंडळातले पद सोडले. शिबिरे मात्र सोडली नाहीत. कुणाचे रक्त, असे कुणी विचारले, की ते आपल्या लेकीची हकीकत सांगत. सांगताना त्यांची नजर जमिनीवर असे. काही गावांनी त्यांना परत पाठवले, काहींनी ऐकले.

नंतर मंडळात टेलिफोन आला, पेठेपेठेला माणसे नेमली गेली आणि माझी गरज उरली नाही. सरांनी मला इथे आणले. वर्षभर माझ्यावर धूळ बसते. प्रदर्शन आले की फडके फिरते. सर मुलांना ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ समजावून सांगतात, चादरीच्या कार्डांची गंमत सांगतात, धुळाची गोष्ट सांगतात. एवढे सांगून झाले की ते माझा दिवा बंद करतात. पुढचे त्यांना सांगवत नाही. म्हणून मी सांगितले.

मित्रांनो, तुमच्या काळात माझ्याहून हुशार यंत्रे येतील. ती पापणी लवायच्या आत लाखो माणसांतून हवी ती माणसे निवडतील. त्यांना जपा. त्यांची धूळ पुसा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण त्यांच्यापुढे एखादे कार्ड ठेवण्याआधी त्यावर काय लिहिले आहे, ते मोठ्याने वाचा. ज्याचा चौकोन कोरा आहे, त्याच्यासमोर उभे राहून वाचा. तेव्हा जीभ अडखळली, तर ते कार्ड ठेवू नका. मला ‘नको’ म्हणता आले नाही. तुम्हाला येते.